चढावर गियर पडतो, तरी गाडी ओढत नाही: दोष गियरबॉक्सचा की इंजिनाचा?

जुनी डिझेल गाडी, ऑटोमॅटिक गियर. सपाटीवर कुरकुर नाही. चढ लागला की मात्र एक्सिलरेटर कितीही दाबा, आवाज वाढतो आणि वेग तिथल्या तिथे. मग क्षणभर अडखळून गियरबॉक्स धाडकन खालचा गियर टाकतो, इंजिन कोकलायला लागतं, जरा जोर आल्यासारखा वाटतो, तोवर पुन्हा वरचा गियर पडतो आणि गाडी पुन्हा मरगळते. चढ संपेपर्यंत हाच खेळ चालू राहतो. गॅरेजला नेली की दोन ठरलेली उत्तरं मिळतात: "गाडी जुनी झाली, आता अशीच चालणार," नाहीतर "गियरबॉक्स उतरवावा लागेल." पहिल्या उत्तराला काही मेहनत लागत नाही, आणि दुसऱ्याने खिसा रिकामा होतो.

गियरबॉक्स उतरवण्याच्या मी विरोधात नाही, पण ते शेवटचं काम असावं. खालचा गियर पडतो तो बहुतेक वेळा गियरबॉक्सला तसं सांगितलं गेलं म्हणून. सांगणारा कोण, आणि तो खरं सांगतोय का, हे तपासायला एखाद-दोन पाने (स्पॅनर), एक सोबती आणि अर्धा दिवस पुरतो. त्याआधी इंजिनाला जोर कशाने येतो एवढं समजून घेऊ.

डिझेलला जोर कशाने येतो

पेट्रोल इंजिनात एक्सिलरेटर दाबला की हवेच्या वाटेतली झडप उघडते. हवा वाढली म्हणून पेट्रोल वाढतं. जुन्या डिझेलमध्ये ही झडप बहुधा नसतेच. पाय ठेवा नाहीतर काढा, सिलिंडरमध्ये दर खेपेला मावेल तितकी हवा येते. पायाने ठरतं ते फक्त डिझेल किती फवारायचं. ती हवा पिस्टन इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि फवारा स्पार्क प्लगशिवाय पेट घेतो. जुन्या डिझेलमध्ये हवा मूळ आकाराच्या साधारण विसाव्या-बाविसाव्या हिश्शात कोंबली जाते, त्या काळच्या पेट्रोल इंजिनात नवव्या-दहाव्या. म्हणूनच डिझेलमध्ये कॉम्प्रेशनला एवढं महत्त्व.

एक किलो डिझेल पुरतं जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर टाळायचा तर त्याहून बरीच जास्त. यातूनच निदानाची पहिली किल्ली मिळते. पाय दाबल्यावर गाडी ओढत नाही आणि मागून काळा धूर सुटतो, म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. ओढतही नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेलच कमी पोचतंय. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल अर्धवट जळून बाहेर पडतंय. धूर बघायचा तर सोबत्याला मागच्या गाडीत बसवा. आरशात तो नीट कळत नाही.

आता दोन शब्द, पुढे सारखे लागणारे. टॉर्क म्हणजे इंजिन शाफ्टला किती जोराने पिळतं; तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. पॉवर म्हणजे त्या पिळण्याने दर सेकंदाला किती काम उरकतं. टॉर्कला आरपीएमने (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणा, ९,५४९ ने भागा, की किलोवॉटमध्ये पॉवर मिळते. डिझेलचा टॉर्क कमी आरपीएमला चांगला असतो म्हणून ती "ओढाळ" वाटते. पण चढावर वेग टिकवायला पॉवरच लागते आणि ती आरपीएमशिवाय वाढत नाही.

गियर खाली पडल्याने मिळतं काय

सायकलवर चढ लागला की आपण हलका गियर टाकतो. पाय भराभर फिरतात, दर फेरीला कमी ताकद लागते आणि चढ निघतो. दमलेला माणूस हा हलका गियर लवकर टाकतो आणि परत परत टाकतो. त्यावरून सायकलचा गियर बिघडला असं कोणी म्हणत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र नेमकं तेच म्हटलं जातं.

हिशेब करून बघू. गाडी दीड हजार किलोची, चढ शंभर मीटरला सहा मीटरचा, वेग ताशी ६० किलोमीटर. नुसतं वजन वर ओढायला १५ किलोवॉटच्या जवळपास लागतात. हवा आणि टायर यांचा विरोध आणखी ५ धरा. म्हणजे चाकांना २० किलोवॉट हवेत. गियरमध्ये वाया जाणारा वाटा सध्या सोडून देऊ. चौथ्या गियरमध्ये इंजिन १,५०० आरपीएमवर फिरतंय आणि त्या आरपीएमला पाय पूर्ण दाबून ११० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय असं धरलं, तर पॉवर होते १७ किलोवॉट. कमी पडली. तिसरा गियर चौथ्याच्या १.४४ पट असेल तर त्याच वेगाला इंजिन २,१६० वर जातं. तिथे टॉर्क १२० धरला तर २७ किलोवॉट. चढ निघाला, वर थोडं शिल्लकही राहिलं.

आता याच इंजिनाचा जोर पावपट घटला असं समजा. चौथ्यात १३, तिसऱ्यात जेमतेम २०. गाडी बरोबर काठावर येते. वाऱ्याची झुळूक समोरून आली, एसी सुरू झाला, मागे दोन माणसं बसली, की तिसराही पुरत नाही आणि गियरबॉक्स दुसरा शोधतो. खालच्या गियरमध्ये जरा वेग आला की चालवणारा पाय किंचित ढिला करतो; गियरबॉक्सला वाटतं गरज भागली, तो वरचा टाकतो, वेग पडतो, पाय पुन्हा दाबला जातो. सुरुवातीला सांगितलेला खेळ तो हाच. यात गियरबॉक्सने एकही नियम मोडलेला नाही.

गियरबॉक्सला कळतं कसं?

जुना ऑटोमॅटिक गियरबॉक्स दोन गोष्टींवर निर्णय घेतो. एक, गाडीचा वेग. तो गियरबॉक्समधलाच गव्हर्नर ऑइलच्या दाबातून कळवतो. दोन, इंजिनावरचा भार, म्हणजे चालवणाऱ्याला किती जोर हवाय. खरी मौज या दुसऱ्या गोष्टीत आहे.

पेट्रोल गाडीत भार कळणं सोपं असतं. हवेची झडप मिटलेली असली की तिच्यामागे व्हॅक्यूम तयार होतो, झडप उघडली की तो ओसरतो. एक नळी तिथून गियरबॉक्सला जोडली की काम झालं. डिझेलमध्ये झडपच नाही, तर व्हॅक्यूम कुठून येणार? म्हणून बऱ्याच जुन्या डिझेल ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो (ब्रेकच्या बूस्टरलाही तोच लागतो) आणि डिझेल पंपावर (इंजिनाला डिझेल मोजून देणाऱ्या), एक्सिलरेटरच्या लिव्हरशी जोडलेला एक छोटा व्हॉल्व्ह. पाय दाबला की तो व्हॉल्व्ह थोडा थोडा व्हॅक्यूम सोडून देतो आणि पेट्रोल गाडीतला इशारा हुबेहूब उभा करतो. गियरबॉक्सवरचा मॉड्युलेटर नावाचा चपटा डबा तो वाचतो. काही गियरबॉक्समध्ये त्यावरून गियर कधी बदलायचा ते ठरतं, काहींत मुख्यतः किती हळुवार बदलायचा ते. जिथे दुसरा प्रकार असतो तिथे गियर बदलण्याची वेळ डिझेल पंपाच्या लिव्हरपासून गियरबॉक्सपर्यंत गेलेली केबल ठरवते. शिवाय एक्सिलरेटरच्या खाली, अगदी तळाला, किकडाउनचं बटण असतं. पाय तळापर्यंत गेला की ते दाबलं जातं, गियरबॉक्सवरची विजेची कॉइल चालू होते आणि एकदम खालचा गियर मिळतो.

म्हणजे गियरबॉक्स इंजिनाचा खरा टॉर्क मोजतच नाही. तो फक्त तुमचा पाय वाचतो, तोही दहा-वीस रुपयाच्या रबरी नळीतून किंवा एका तारेतून. इंजिन आजारी असेल तर तुमचा पाय जास्त दाबला जातो आणि गियरबॉक्स त्याप्रमाणे वागतो. नळी फाटली असेल तर इंजिन धडधाकट असूनही त्याला वाटतं की पाय कायम तळाला आहे.

पहिली चाचणी: आरपीएमची सुई

इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यातला गुन्हेगार ओळखायला एकच प्रश्न पुरतो: पाय दाबल्यावर आरपीएम वाढतो का, आणि वाढला तर वेगही त्याच्यासोबत वाढतो का?

मोकळ्या रस्त्यावर निवडदांडा ओढून गाडी एका खालच्या गियरमध्ये अडकवून ठेवा, म्हणजे गियर बदलण्याचा घोळ मिटला. मग पाय पूर्ण दाबा. आरपीएमच हळूहळू, कुथत वाढत असेल आणि वेगही त्याच गतीने वाढत असेल, तर गियरबॉक्स आपलं काम करतोय, इंजिनात दम नाही. आरपीएम झटकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर जोर मधेच निसटतोय. आतल्या क्लच प्लेट सरकतायत किंवा ऑइल कमी आहे. ज्या गाडीत आरपीएमचा काटाच नाही तिथे कानावर विसंबावं लागतं, आणि खरं सांगायचं तर सरावलेला कान काट्याइतकाच कामाचा असतो.

हातगियरच्या गाडीलाही हीच कसोटी लागू पडते. वरच्या गियरमध्ये चढावर पाय दाबल्यावर इंजिन मोकळं सुटल्यासारखं ओरडलं आणि करपट वास आला, तर क्लच प्लेट संपली. इंजिन ओरडलंच नाही, तर क्लच बदलून काही हाती लागणार नाही.

एक फसवी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. इंजिन आणि गियर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, ऑइलच्या प्रवाहातून जोर पोचवणारा. ज्या गाड्यांत तो वरच्या गियरला लॉक होतो, तिथे पाय जरा दाबला की आधी हे लॉक सुटतं आणि आरपीएम काहीशे आकड्यांनी उडी मारतो. बऱ्याच जणांना तो गियर पडल्याचा भास होतो. खऱ्या गियरबदलात उडी मोठी असते.

इंजिनात दम नसेल तर कुठे बघायचं

सगळ्यात आधी बोनेट उघडा, इंजिन बंद ठेवा आणि सोबत्याला एक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगा. डिझेल पंपावरच्या लिव्हरकडे बघा. पूर्ण दाबल्यावर तो लिव्हर समोरच्या स्टॉप स्क्रूला टेकला पाहिजे. जुन्या गाड्यांत जोडदांड्यांच्या टोकाचे प्लास्टिकचे गोळे झिजतात, केबल सैल होते, पायाखाली जाडजूड मॅट आलेली असते; पाय तळाला आणि लिव्हर मात्र वाटेतच. मग इंजिन कधी पूर्ण डिझेल मागतच नाही आणि किकडाउनचं बटणही दाबलं जात नाही. कमी पिकअप आणि गियर न पडणं, दोन्ही तक्रारी एकाच सैल जोडामुळे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तरीही ती सगळ्यात शेवटी होते, कारण तिच्यात उघडायला काही नसतं.

त्यानंतर डिझेलची वाट. टाकीच्या तळाशी पाणी साठतं, आणि पाणी व डिझेल जिथे एकमेकांना भेटतात तिथे जिवाणू वाढून काळपट गाळ धरतो. तो टाकीतल्या जाळीवर बसतो, मग फिल्टरवर. इंजिन जागेवर चालताना डिझेल इतकं थोडं लागतं की अर्धा तुंबलेला फिल्टरही ते पुरवतो. चढावर त्याच्या कितीतरी पट लागतं आणि तिथे तो उघडा पडतो. म्हणून "उभी असताना कशी गोड चालते बघा" हा पुरावा होऊ शकत नाही. गाडी अर्धा-पाऊण तास नीट चालून मग मरगळत असेल आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा ताजी होत असेल, तर टाकीच्या जाळीवर संशय घ्या. गाळ तळाशी परत बसतो आणि वाट मोकळी होते. टाकीचं झाकण उघडताच जोरात सुस्कारा येऊन गाडी सुधारत असेल, तर टाकीत हवा जाण्याचं भोक बंद झालंय. फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी पारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना तिच्याकडे निवांत बघा. एखाद-दुसरा बुडबुडा चालतो. बुडबुड्यांची माळच लागली असेल तर कुठला तरी जोड हवा ओढतोय. डिझेल बाहेर गळायलाच हवं असं नाही. ओढण्याच्या बाजूच्या फटीतून हवा आत जाते आणि बाहेर सगळं कोरडं दिसतं.

टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या, गाडीत हवेची वाट लांबलचक असते: एअर फिल्टर, टर्बो, तिथून रबरी होज, असला तर दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, मग सिलिंडरांना हवा वाटून देणारा इनटेक मॅनिफोल्ड. होज बहुधा खालच्या बाजूने फाटतो, वरून शाबूत दिसतो. हात फिरवला की तेलकट ओल लागते आणि फट सापडते. फाटलेल्या होजची गाडी पाय दाबल्यावर फुसफुसते आणि काळा धूर सोडते.

पण एक दोष असा आहे की जो भल्याभल्यांना चकवतो. टर्बोचा दाब वाढला की डिझेलही वाढवायचं, हे काम बऱ्याच जुन्या यांत्रिक पंपांवर एका पडद्याच्या डबीकडे असतं. मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी त्या डबीला जाते. मॅनिफोल्डच्या टोकाला ती नळी ज्या पोकळ बोल्टने बसवलेली असते, त्याचं भोक वर्षानुवर्षांच्या काजळीने बुजतं. बोल्ट काढून उजेडासमोर धरला की आरपार काहीच दिसत नाही. तारेने टोचलं की काळा, टणक खडा निघतो. टर्बो ठणठणीत, होज शाबूत, फिल्टर नवा, तरी डबीला दाब कळत नाही आणि पंप जास्तीचं डिझेल सोडत नाही. गाडी टर्बोशिवाय चालल्यासारखी चालते, आणि हवा भरपूर असल्याने धूर अजिबात नाही. धुराचा मघाचा नियम इथे नेमका लागू पडतो. मॅनिफोल्डला एक साधा प्रेशर गेज लावला की टर्बो दाब देतोय की नाही ते कळतं. देत असेल तर ही बारीक नळी बघा.

बाकीच्या जागा झटपट सांगतो. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ताज्या हवेच्या जागी जळका वायू आत जातो: काळा धूर, ढिम्म पिकअप. एक्झॉस्ट तुंबला, मग तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असो की २००० सालानंतर गाड्यांत येऊ लागलेला काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही आणि वरच्या आरपीएमला ते गुदमरतं. टायमिंग चेन लांबली की डिझेल उशिरा फवारलं जातं. व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट घट्ट झाले की व्हॉल्व्ह पुरते मिटत नाहीत आणि कॉम्प्रेशन घटतं. सेटिंग करता येत असेल अशा इंजिनात कॉम्प्रेशन तपासण्याआधी टॅपेट लावून घ्यावेत, नाहीतर इंजिनावर रिंग-पिस्टनचा खोटा आळ येतो. आणि हो, ब्रेक. अर्धवट जाम झालेला कॅलिपर इंजिनाचा जोर गुपचूप खात बसतो. गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त धगधगत असेल तर उत्तर तिथे आहे.

आणि दोष गियरबॉक्सच्या बाजूचा निघाला तर?

तरी लगेच उतरवायचा नाही. ऑइल, नळ्या, केबल आणि बटण, एवढं बाहेरूनच बघता येतं.

ऑइलची पातळी बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन गरम, चालू आणि सपाट जागी उभं असताना बघतात. नेमकी रीत गाडीच्या पुस्तकात असते आणि ती पाळावी, कारण थंड आणि गरम यांत पातळी बरीच बदलते. ऑइल कमी असलं की गियर उशिरा लागतो आणि चढावर निसटतो. रंग काळपट आणि वास करपलेला असेल तर आत क्लच प्लेट झिजल्यायत.

गियर उशिरा आणि झटका देऊन बदलत असतील तर व्हॅक्यूम बघा. त्याच सुमाराला ब्रेक पेडल कडक झालं असेल तर व्हॅक्यूम पंपच अशक्त झालाय. ज्या गाडीत इंजिनही व्हॅक्यूमने बंद होतं, तिथे चावी काढल्यावर ते लगेच थांबत नसेल तर कुठेतरी गळती आहेच. नळ्यांची टोकं तपासा. जुनं रबर टोकालाच कडक होऊन चिरतं, आणि अर्धा इंच कापून पुन्हा बसवलं तरी बऱ्याचदा भागतं. मॉड्युलेटरच्या नळीत ऑइल आलं असेल तर त्याचा पडदा फाटलाय आणि गियरबॉक्सचं ऑइल हळूहळू व्हॅक्यूममध्ये ओढलं जातंय. याच्या उलट, गियर फार लवकर वर चढत असतील आणि पाय दाबूनही खाली येत नसतील, तर केबल सैल आहे. किकडाउन अजिबात नसेल तर फ्यूज, बटण आणि कॉइल, याच क्रमाने.

"पण स्कॅनरवर एकही कोड नाही!"

१९८०च्या दशकातल्या यांत्रिक पंपाच्या गाडीला बहुधा स्कॅनर लावायलाच जागा नसते, तेव्हा प्रश्न मिटला. त्यानंतरच्या कॉमन रेल गाड्यांत, जिथे डिझेलचा फवारा संगणक ठरवतो, कोड (संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक) असतो, पण तो बहुधा येतो सेन्सर पार बिघडल्यावर किंवा आकडा हद्दीबाहेर गेल्यावर. हवा मोजणारा सेन्सर मळला की तो मरत नाही, खोटं बोलायला लागतो: हवा असते त्यापेक्षा कमी सांगतो. संगणक धूर होऊ नये म्हणून तेवढ्याच हिशेबाने डिझेल कापतो. सगळं नियमात, कोड नाही, गाडी ढिम्म. म्हणून कोड नसला तरी चालत्या गाडीत आकडे बघावे लागतात: पाय पूर्ण दाबल्यावर टर्बोचा दाब संगणकाने मागितला किती आणि मिळाला किती. दोन्हींत मोठी तफावत दिसली की शोध हवेच्या वाटेकडे वळतो. आरपीएम साधारण तीन हजारांपुढे जायचंच नाकारत असेल आणि इंजिन बंद करून सुरू केल्यावर थोडा वेळ सुधारत असेल, तर गाडी स्वतःला वाचवण्यासाठी लिम्प मोडमध्ये जातेय. त्या वेळी कोड हमखास सापडतो, कधी इंजिनाच्या संगणकात, कधी गियरबॉक्सच्या. दोन्ही वाचायला सांगा.

"पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं तर?"

हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की त्याचा राग येतो. हवा कमी असताना डिझेल वाढवणं म्हणजे धूर आणि उष्णता वाढवणं. एक्झॉस्टचं तापमान चढतं, पिस्टन आणि टर्बो भाजतात, आणि मूळ दोष झाकला जातो. डिझेल कमी पोचत असेल तर तुंबलेल्या फिल्टरपुढे स्क्रू काय करणार? नोझल तपासून, पंप टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून मग तो स्क्रू हलवणं ही वेगळी गोष्ट झाली. ते काम पंपवाल्याचं.

"गियर ऑइल बदललं की गियरबॉक्स बसतो (निकामी होतो) म्हणतात"

यामागे थोडा खरा अनुभव आहे, अर्थ चुकीचा लावलाय. ज्याच्या प्लेट आधीच संपल्या आहेत असा गियरबॉक्स ऑइल बदलल्यावर काही दिवसांत बसतो, आणि खापर ऑइलवर फुटतं. ऑइल बदलायची वेळही लोकांना तेव्हाच सुचते, जेव्हा तो निसटायला लागलेला असतो. चांगला गियरबॉक्स योग्य ग्रेडच्या नव्या ऑइलने बसत नाही. ऑइल काढताना तळाचं पॅन उघडून बघावं: बारीक राखाडी चिखल वयाप्रमाणे असतोच, धातूचे तुकडे किंवा प्लेटचे टवके दिसले तर मात्र उतरवण्याची वेळ खरोखर आली आहे.

"गाडी मुळातच अशी असेल तर?"

असू शकते, आणि हे कोणी बोलत नाही. मर्सिडीजची २४० डी, १९७०-८०च्या दशकांतली जगभर टॅक्सी म्हणून धावलेली गाडी, शेवटच्या काळातही ७२ अश्वशक्तीचीच होती. ताशी १०० किलोमीटर गाठायला तिला वीस सेकंदांहून जास्त लागत, तेही सगळं ठीक असताना. अशा गाडीला आजच्या टर्बो डिझेलच्या मापाने मोजलं तर ती आजारीच वाटणार. गाडीच्या पुस्तकातला ० ते १०० चा आकडा शोधा आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावर घड्याळ लावून बघा. थोडाफार फरक वयाचा समजायचा. दुप्पट वेळ लागत असेल तर ते वय नव्हे.

उंचीचाही हिशेब ठेवा. दोन हजार मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने १८ टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाला तेवढी हवा कमी मिळते आणि जोर साधारण त्याच प्रमाणात घटतो. घाटमाथ्यावर पिकअप गेला आणि खाली उतरल्यावर परत आला, तर कोणाला दाखवायची गरज नाही.

दोष सापडेपर्यंत गाडी कशी चालवायची

चढ लागण्याआधीच निवडदांडा एक खाली ओढून गियर अडकवून ठेवा. वर-खाली होणं थांबलं की क्लच प्लेटवरचा आणि ऑइलवरचा ताप कमी होतो, आणि वेगही जास्त टिकतो. आरपीएम वाढल्याने डिझेल इंजिन खराब होतं ही समजूत सोडून द्या. लाल रेघेच्या बऱ्याच खाली, अडीच-तीन हजारांवर, ते तासन्‌तास फिरण्यासाठीच बनवलेलं असतं. उलट बाराशे आरपीएमवर पाय तळाला दाबून वरच्या गियरमध्ये रेटत राहिल्याने काजळीही जास्त होते आणि बेअरिंगवर भारही जास्त पडतो. लांब चढावर एसी बंद करा, पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. आणि करपलेल्या ऑइलचा वास आला तर थांबून इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, लगेच बंद करू नका; ऑइल फिरत राहिलं तरच गियरबॉक्स थंड होतो.